चार्जिंगला लावलीय

आई: मी तेव्हाच म्हणाले होते, चाकं दारात लागल्याशिवाय फोटो टाकू नकोस.

रुचिता: आई, सकाळी सकाळी फोनवर परत तेच?

आई: आणि तू काय म्हणालीस? "तुमच्या काळात नजर लागायची, आता लाइक लागतात." तोंडावर मारलंस माझ्या.

रुचिता: गंमत केली होती गं.

आई: ती गंमत आता निस्तर. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. काही कळलं का गाडीचं?

रुचिता: ट्रान्झिटमध्ये आहे म्हणतात.

आई: म्हणजे कुठे?

रुचिता: ते त्यांनाही माहीत नाही. आधी आम्हाला हवा तो रंग नव्हता, मग बॅटरीचा कुठलातरी पार्ट आला नाही, मग म्हणे नवीन बॅचमध्ये देतो. ज्याने आमचं बुकिंग केलं तो नोकरी सोडून गेला. आताचा जो आहे त्याला कधीही फोन करा, "बिल्कुल मॅम, इसी वीक."

आई: जुनी तरी ठेवायची होतीत.

रुचिता: डिझेलची होती. दहा वर्षं झाल्यावर इथे दिल्लीकडे चालवू देत नाहीत, किती वेळा सांगू? द्यावीच लागली.

आई: बरं बाई. आणि तो पाडव्याचा फोटो? हार घातलेली गाडी, सुधन्वा कुर्त्यात, तुमच्या हातात ती परातीएवढी पुठ्ठ्याची किल्ली?

रुचिता: शोरूमची गाडी होती ती. बुकिंग करणारा तोच मुलगा म्हणाला, मॅम, मुहूर्त आज आहे, फोटो आजच काढून घ्या, गाडी तर येणारच आहे. मीही म्हटलं, काय फरक पडतो. टाकला. तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, अभिनंदन, अभिनंदन. त्यात कोणाकोणाला सांगत बसणार की ही नाही, अशीच दुसरी येणार आहे?

आई: सांगायचं की.

रुचिता: तू सांगितलंस?

आई: माझं कुठे काढतेस? त्या कुमुदिनीने भर भिशीत फोटो फिरवला आणि म्हणाली, विजयाबाई, पेढे कुठायत? आता काय सांगू, गाडी नाही, नुसती किल्ली आहे? वाटले पेढे. परवा विचारत होती, एका चार्जिंगमध्ये किती जाते. म्हटलं, जाते बऱ्यापैकी.

रुचिता: आई, अगं.

आई: हसू नकोस. तुझ्यामुळे या वयात थापा मारतेय. सुधन्वा काय म्हणतो?

रुचिता: तो मेट्रोने जातो आणि ऑफिसात सांगतो, गाडी रुचिताकडे असते. मी शाळेतल्या इतर आयांना सांगायचे, गाडी सुधन्वाकडे असते. आता सुट्ट्या लागल्यात म्हणून बरं. शेवटी शेवटी मी रिक्षातून गेटच्या बरीच अलीकडे उतरायला लागले होते. वैभवी विचारायची, मम्मा, आपण इथेच का उतरतो?

आई: काय सांगायचीस?

रुचिता: चालणं चांगलं असतं म्हणायचे.

आई: हं. जाऊ दे ते. मी फोन केला तो भानुताईसाठी. सोमवारी संध्याकाळी दोन शब्द बोलली, डोळ्याचं ऑपरेशन छान झालं म्हणाली आणि ठेवला. काल सकाळपासून फोन बंद. आजही बंद. पट्टी काढली ना?

रुचिता: काढली असेल.

आई: असेल म्हणजे? तू होतीस ना?

रुचिता: एक मिनिट हां. वैभू, दूध संपव बेटा. जल्दी.

वैभवी: संपलं. वर ते आहे ना, मलाई, ते नाही पिणार.

रुचिता: साय म्हणतात त्याला. ठेव तिथे, मी काढते.

आई: रुचिता, मी काहीतरी विचारलं.

रुचिता: आई, मोतीबिंदूच तर आहे. आजकाल त्याच दिवशी घरी सोडतात. काही नसतं त्यात.

आई: डोळ्यात काही नसतं हे डॉक्टरने सांगितलं की तू? थेंब दिवसातून कितीदा तरी घालायचे असतात, वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही. मी सोमवारी तिला विचारलं, रुचिता आहे ना जवळ? म्हणाली, आहे, आहे. तू होतीस का?

रुचिता: नाही.

आई: नाही?

रुचिता: तिनेच नको म्हटलं. तिच्या खालच्या मजल्यावरचे हणमंतकाका नेणार होते तिला.

आई: मग ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल? माझी आतेबहीण आहे ती, लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. आधी हे सांग, तिने तुला विचारलं होतं की नाही?

रुचिता: विचारलं होतं.

आई: कधी?

रुचिता: आधी तपासणीला जायचं होतं तेव्हा. फोटो बघून इतकी खूश झाली होती. म्हणाली, चला, आता मला रिक्षावाल्यांशी भांडायला नको, भाची गाडीवाली झाली. मी म्हटलं, मावशी, अजून सोसायटीने चार्जर लावू दिला नाही, लागला की येते.

आई: मग लागला?

रुचिता: चार्जर लागला. पुढच्या वेळी तिने विचारलं तेव्हा म्हटलं, गाडी चार्जिंगला लावलीय.

आई: आणि त्याच्या पुढच्या वेळी?

रुचिता: तेव्हाही चार्जिंगलाच होती.

आई: गाडी आहे की म्हैस? बघावं तेव्हा गोठ्यात.

रुचिता: मला सुचतच नव्हतं गं काही दुसरं.

आई: अगं पण गाडी नसली म्हणून काय झालं? टॅक्सी करायची, तिला घ्यायचं, जायचं. सगळी दिल्ली तशीच फिरते ना?

रुचिता: टॅक्सीने गेले असते तर ती म्हणाली असती, गाडी कुठाय?

आई: म्हणून गेलीच नाहीस?

रुचिता: बोलताना किती वाईट वाटतं हे. तेव्हा असं नव्हतं वाटत. तेव्हा वाटायचं, चार दिवसांचा प्रश्न आहे, इसी वीक, इसी वीक. गाडी आली की पहिली तिच्याकडेच घेऊन जाईन, लोधी गार्डनला नेईन, सगळं भरून काढीन. कोणाला कळणारही नाही मध्ये काय झालं ते.

आई: वैभवीच्या वेळी माझा पाय प्लास्टरमध्ये होता.

रुचिता: माहीत आहे, आई.

आई: द्वारकेहून नोएडाला, दिल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायची ती. डब्यात अळिवाची खीर घेऊन. तिने कधी सांगितलं का, बस चार्जिंगला लावलीय म्हणून?

रुचिता: बास ना.

आई: बरं, बास. पण मग शेवटी तुला नको का म्हणाली?

रुचिता: शनिवारी दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं, आता विचारणार, सोमवारी येतेस का. मी घाबरतच उचलला. तर म्हणाली, मला हणमंतराव नेणारेत, तू येऊ नकोस. नवी गाडी आहे तुझी, आमच्याकडच्या ट्रॅफिकमध्ये उगाच ओरखडा यायचा.

आई: आणि तू काय म्हणालीस?

रुचिता: म्हटलं, बरं. मला ना, हायसं वाटलं.

आई: हं.

रुचिता: बोल की काहीतरी.

आई: काय बोलू? हायसं वाटलं म्हणालीस, ऐकलं मी.

रुचिता: त्यानंतर मी फोनही केला नाही. म्हटलं, केला की गाडीचं विचारेल.

वैभवी: नाही विचारणार, मम्मा.

रुचिता: काय?

वैभवी: भानुआजी. गाडीचं नाही विचारणार. त्यांना पता है.

रुचिता: काय माहीत आहे त्यांना? इकडे ये. काय माहीत आहे?

वैभवी: की गाडी आलीच नाही. मी सांगितलं.

आई: काय म्हणतेय ती? स्पीकरवर टाक मला.

रुचिता: टाकलंय. वैभू, कधी सांगितलंस तू?

वैभवी: तू नहा रही थी. पप्पा भाजी आणायला गेले होते. फोन वाजला, मी उचलला. भानुआजी बोलल्या, काय गं, नवी गाडी कशी आहे? मी बोलली, गाडी तर नाहीये. आमच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे आणि माझी सायकल आहे.

रुचिता: मग?

वैभवी: मग काही नाही. त्या बोलल्या, अस्सं. मग हसल्या. बोलल्या, हे आपलं दोघींचं सीक्रेट, मम्माला सांगू नकोस हां, तिला वाईट वाटेल.

आई: शनिवारीच का हे?

रुचिता: भाजी सुधन्वा शनिवारीच आणतो. सकाळी.

आई: आणि तुला फोन दुपारी.

रुचिता: हो.

आई: म्हणजे गाडी नाही हे कळल्यावर तिने तुला फोन केला, आणि नसलेल्या गाडीला ओरखडा येईल म्हणाली.

वैभवी: मम्मा, सीक्रेट टूट गया? माझी गलती झाली?

रुचिता: नाही गं. तुझी नाही. जा, सँडल घाल.

आई: रडू नकोस. नंतर रड. हणमंतरावांचा नंबर आहे का तुझ्याकडे?

रुचिता: आहे.

आई: आत्ता लाव. जे आहे ते सांग. मीही आज कुमुदिनीला सांगते, हसू दे मेलीला.

(फोन बंद होतो. रुचिता दुसरा नंबर लावते. बराच वेळ रिंग वाजते.)

हणमंतकाका: हां जी, कौन?

रुचिता: काका, मी रुचिता. भानुमावशीची भाची, नोएडाची.

हणमंतकाका: अच्छा अच्छा, मग मराठीतच बोलू. अभिनंदन बरं का. भानुमतीबाईंनी फोटो दाखवला होता गाडीचा. रंग फर्स्ट क्लास निवडलाय.

रुचिता: काका, मावशी कशी आहे?

हणमंतकाका: हे तू मला विचारतेस होय? ऐकू दे की त्यांचा आवाज, दे फोन.

रुचिता: कोणाला?

हणमंतकाका: त्यांना. तुझ्याकडेच आहेत ना?

रुचिता: माझ्याकडे नाहीये ती.

हणमंतकाका: असं कसं? शनिवारी संध्याकाळीच मी स्वतः म्हटलं होतं, ऑपरेशनला मी येतो, मी रिटायर्ड माणूस, मला कुठे फायली उपसायच्यात. तर म्हणाल्या, छे, भाची येणार आहे नवी गाडी घेऊन. धक्का नाही, आवाज नाही, आणि चार दिवस नोएडालाच ठेवून घेणार आहे. म्हणून तर मी रविवारी निर्धास्त पानिपतला गेलो, मुलाकडे. आत्ता पोचतोय, बॅगही उघडली नाही अजून.

रुचिता: मला ती म्हणाली, तुम्ही नेणार आहात.

हणमंतकाका: मी? मी इथे नव्हतोच.

रुचिता: हो.

हणमंतकाका: मग नेलं कोणी त्यांना?

रुचिता: कोणी नाही, काका.

हणमंतकाका: एकट्या गेल्या? आणि एका डोळ्याला पट्टी बांधून एकट्याच परत आल्या? या उन्हात? अगं, तू कुठे होतीस मग? गाडी घेऊन अर्ध्या रस्त्यात तरी...

रुचिता: गाडी नाहीये आमच्याकडे. अजून आलेलीच नाही. फोटोतली शोरूमची होती. मी इतके दिवस तिला थापा मारत होते, आणि शनिवारी तिला ते कळलं. मग तिने मला तुमचं नाव सांगितलं आणि तुम्हाला माझं. तुमच्यासमोर गाडीचं उघडं पडून मला तोंड लपवावं लागू नये म्हणून.

हणमंतकाका: अच्छा.

रुचिता: तुम्ही मला काहीही बोला, काका.

हणमंतकाका: मी काय बोलणार. मी आत्ता आलो तेव्हा त्यांच्या खिडक्या बंद दिसल्या. मला वाटलं, आहेत नोएडाला, मजेत.

रुचिता: फोन कालपासून बंद आहे तिचा.

हणमंतकाका: चार्जर शोधायला दिसायला तर हवं माणसाला. किंवा पडला असेल हातातून. लगेच वाईट नको आणू मनात. तू निघतेस ना?

रुचिता: निघालेच. मुलीला घेऊन येतेय, मेट्रोने. पण मला पोचायला वेळ लागेल.

हणमंतकाका: ये सावकाश. मी चपला घालतोय.

रुचिता: काका, बेल वाजवा, आणि नाही उघडलं तर नावाने हाक मारा, तिला घाई करता यायची नाही. मी फोन ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. आणि तिने दार उघडलं तर गाडीचं काही काढू नका, ते मी येऊन सांगेन. तुम्ही फक्त एकदा बघा तिला.