नंबर असंल ती बंदूक

न्हाई हो, बंदूक कुठली, नळी व्हती. नळी! आत्ता जमादारानं शिक्का मारलेली पिशवी आत नेली ना, तिच्यात बंदूक हाय का म्हणून इचारायलाव ना तुमी — पाईपलाईनीची नळी हाय, प्लास्टिकची, अन् ती पण फुटलेली. बसा, बसा की. सरकून बसा, बाकडं काय माझ्या बापाचं न्हाई. मोबाईल हरवलाय म्हणताव, मंग तुमाला अजून येळ हाय. आत माझी सून हाय, जबाब द्यायलीय. रोहिणी तिचं नाव. मी दिनकरराव. चारठाण्याच्या पलीकडं आमचं गाव हाय, तिथं कोणाला पण इचारा बंदूकवाले दिनकरराव कोण, लेकरू सुदिक घर दाखवंल. अन् अशा माणसाला आज बाकड्यावर बसवलंय. कशापायी? तर नळीपायी.

साहेबानं काल पुस्तक उघडून वाचून दाखवलं मला. काय तर म्हणं, जेच्यातून दारूच्या नायतर कसल्या स्फोटाच्या जोरानं काय तरी फेकल्या जातं, ते अग्निशस्त्र. मी म्हणलं साहेब, मंग दिवाळीचा बाण पण अग्निशस्त्रच की, बाटलीत ठिवून उडवतेत लेकरं, धरा समद्यांना! तर तेचा शेजारचा तरणा फौजदार हसला अन् म्हणला, काका, दिवाळीत येका मोठ्या शहरात असल्याच नळ्यांनी किती जणांचे डोळे गेले, पेपरात बगितलं न्हाई का, ही खेळणी न्हाईत आता. दुसरा म्हणला, नुसता आवाज करणारी असंल तर ते हत्यार न्हाई, मामला येगळा. तिसरा म्हणला, आवाज करणारी असली तरी बनवणारावर गुन्हा घ्यायला पायजे. म्हणजे बगा, तेंचं तेंनाच ठरंना! अन् ठरंपस्तोर मी इथं. मला इचारा ना. बंदूक म्हणजे काय हे मला इचारायचं सोडून पुस्तकात काय बगायलाव? माझ्या आज्याला निजामाच्या अमलात मिळाल्ती आमची. ठासणीची. शिसवाचा दस्ता हाय, लोखंडावर नंबर कोरलेला हाय, तोच नंबर लायसनवर हाय. जिला नंबर असंल ती बंदूक. जिला नंबर न्हाई, लायसन न्हाई, ते भंगार. इतकी साधी गोष्ट हाय. प्लास्टिकच्या नळीला बंदूक म्हणायलेत — अरे मंग माझ्या घरात भिंतीवर टांगलेली काय हाय? लाटणं?

टांगलेली व्हती म्हणजे. आता ती हितंच हाय, मालखान्यात. न्हाई न्हाई, जप्त न्हाई केली, तसं नका म्हणू. जमा हाय. इलेक्शन लागलं की लायसनवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतेत, तुमाला माहीत नसंल, तुमच्यात कोणाकडं बंदूक नसंल. आधी नगरपालिकेचं लागलं, मंग ती आचारसंहिता उठती न्हाई उठती तवर झेडपीचं लागलं, अन् आमची बंदूक हितंच. आता तुमी म्हणसाल, रानडुकरांचा तरास हाय, पिकासाठी म्हणून लायसन हाय, तर अर्ज करून सूट मिळत न्हाई का? मिळती. कामून मिळत न्हाई? आमच्या शिवंचा मुंजाजी हाय ना, तेनं केला अर्ज, तेला मिळाली सूट, तेची बंदूक तेच्या घरी. मी न्हाई केला. कामून करू? माझी चाल तशी न्हाई. धुतलेलं धोतर नेसायचं, फेटा बांधायचा, बंदूक खांद्यावर टाकायची अन् भर बाजाराच्या दिवशी पायी यायचं ठाण्यात. लोकं बाजूला होतेत हो! हाटेलातले उठून राम राम घालतेत. जुना जमादार व्हता तवा तर खुर्ची द्यायचा मला, चहा सांगायचा, म्हणायचा, या बंदूकवाले. वर्सातून येकदा माणसाला माणूस म्हणून बगतेत, अन् ती इज्जत मी अर्ज करून घालवू? मुंजाजीसारखं घरात लपवून ठिवू? हां, आता तुमी म्हणसाल त्या मुंजाजीच्या घरी काय झालं न्हाई. न्हाई झालं. तेचं नशीब.

तर बंदूक हितं, अन् तिकडं जवारी हुरड्यात आली. डुकरं तुमी बगितलेत का कधी? येलदरी धरणाच्या पाण्याकडून येतेत, पंधरा-वीसचा कळप येकावेळी, खातेत कमी अन् लोळून नासतेत जास्त. पोरगा हरिओम पुण्याला कंपनीत. तेनं फोनवर सांगितलं, आबा, नळीची तोफ करतेत आता पोरं, लय मोठा आवाज होतो, यूट्यूबला हाय. मी म्हणलं, माझ्या घरात असलं चाळं नको. पर डुकरं काय माझं ऐकून थांबणार व्हती? मंग आणली येक, बाजारातून, बुडाला गॅसचं लायटर बसवलेली, बटण दाबलं की धडाम. पहिल्या दिशी डुकरं पळाली. दुसऱ्या दिशी पळाली. मंग तेंनी वळखलं. डुकराला अक्कल असती हो, माणसापेक्षा जास्त! नुसता आवाज हाय, लागत काय न्हाई, हे तेंना कळलं की मंग ते मान वर करून बगतेत अन् परत खायला लागतेत. तोंडावर बगतेत आपल्या. आज्याच्या काळापासून ह्या शिवारात आमच्या बंदुकीच्या आवाजाला जनावर थांबलं न्हाई, अन् हितं डुकरं माझ्याकडं बगून जवारी खायलेत! मुंजाजी बांधावरून हसायचा. म्हणायचा, दिनकरराव, पोकळ झाला की हो तुमचा बार.

मंग आता नळी ठासायची म्हणलं तर तिला काय मोठी अक्कल लागती का, कागदाचा बोळा घालायचा, गजानं दाबायचा, वरून मूठभर छर्रे, परत बोळा — हयात गेली माझी ह्याच्यात, झोपेत सुदिक ठासीन मी — अन्…

न्हाई. म्हणजे बंदुकीचं सांगायलोय मी. बंदूक अशी ठासतेत. नळीत काय न्हवतं. नळीत नुसती पूड व्हती, आवाजाची. तुमी असं कामून बगायलाव माझ्याकडं? मी काय म्हणलो? बंदुकीचं म्हणलो मी.

अन् समजा — समजा हं, बोलायची गोष्ट — समजा कोणी घातले बी छर्रे, तर काय ती बंदूक होती का लगेच? गाढवावर अंबारी टाकली म्हणून तेचा हत्ती होतो का? ती फुटली ते तिच्या कर्मानं फुटली. प्लास्टिक ते. लोखंडाला ठासायची सवय अन् हातात प्लास्टिक, दाबताना कळलं पायजे व्हतं की… जाऊ द्या. बरं, रोहिणीनं तरी नळी तोंडापसून लांब धरावी का न्हाई? म्या सांगितलं व्हतं, खांद्याला लाव अन् बटण दाब. ती म्हणली, मामा, तुमीच उडवा की, मला भ्या वाटतंय, आज ही जड कामून लागायलीय? मी उडवू? तिकडं बांधावर मुंजाजी बसलेला, अन् मी, बंदूकवाला दिनकरराव, प्लास्टिकची नळी खांद्याला लावून उभा राहू? आख्ख्या गावात हसं केलं असतं तेनं माझं. म्हणून म्हणलं, धर, भेतीस काय, पाटलाच्या घरची सून हायस. तिनं धरली. लय गुणाची पोरगी हाय, कधी उलटून बोलली न्हाई मला. धरली तिनं.

उजवा डोळा गेला. गेलाच. डॉक्टर म्हणला, दुसरा वाचला हे नशीब समजा. मी परभणीला नेलं, तिथून औरंगाबादला नेलं, मी काय बसून व्हतो का? हयगय न्हाई केली कुठं. आता कुणी म्हणंल, येक तर डोळा हाय. हाय. पर तुमाला सांगू, येका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत न्हाई. परवा चहा ओतायला गेली तर धार कपाच्या बाहेर. मला वाटलं मुद्दाम करायलीय. मुद्दाम न्हाई. शिवणाची मशीन व्हती तिची, निम्म्या गावाच्या बायांचे बिलाऊज ती शिवायची, आता सुईत दोरा जात न्हाई. दोरा धरती, सुई धरती, अन् मधी हवेत ववत ऱ्हाती. येकदा मी म्हणलं, आण माय, मी ववून देतो. तिनं सुई खाली ठिवली अन् उठून गेली. गॅस पेटवायचा म्हणलं तर लायटर कटकन वाजलं की चार पावलं मागं सरती, मंग सैपाक आमची कासाबाईच करती, माझी बायको. ती पण बोलत न्हाई माझ्यासंगं. ताट आपटून ठिवती अन् जाती. घरात दोन बाया अन् दोघी मुक्या, असं झालंय. हरिओम फोन करतो तर आईला करतो. मला न्हाई करत.

मी कोणाचं काय वाईट केलं, सांगा ना? कायदा मोडला कधी? उभ्या जन्मात न्हाई! दर इलेक्शनला सगळ्यात आधी बंदूक जमा करणारा मी. अन् आता साहेब म्हणतो, नळी हत्यार ठरली तर बनवणारावर, भरणारावर गुन्हा, अन् घरात हत्याराचा गुन्हा असंल तर लायसन रद्द. आज्यापासनं आलेलं लायसन! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतेत ते हेच. जेच्या बंदुकीनं कोणाला खरचटलं न्हाई तेची बंदूक जाणार, का तर म्हणं नळीनं डोळा घेतला.

म्हणून समजावलं तिला. येताना ऑटोत सगळ्या वाटनं समजावलं. दटावलं न्हाई, तसलं काय समजू नका, लेकीसारखी हाय मला. म्हणलं, रोहिणी, माय, डोळा तर गेला. तो काय जबाबानं परत येणार न्हाई. घराची इज्जत ऱ्हायलीय तेवढी राखू. सांगायचं, आवाजाची नळी व्हती, आत काय न्हवतं, मोबाईलमधी बगून मीच भरली, माझ्याच हातानं चूक झाली. झालं! अपघात म्हणून लिवतेत, मामला मिटतो, बाईमाणसावर कोण गुन्हा घेतंय? तीनदा म्हणून घेतलं मी तिच्याकडून. तिसऱ्यांदा ती म्हणली, समजलं मामा. येवढंच म्हणली. समजलं म्हणली म्हणजे समजलं, व्हय ना? आता लय येळ झाला पर. दोन वाक्याला येवढा येळ कशाला लागतो? तुमचं काय मत हाय? न्हाई, तुमी बोलूच नका, तुमी तर तोंडच फिरवलं तिकडं. मोबाईल हरवला तर माणूस रडतो, अन् माझं काय जायलंय ते तुमाला काय कळणार.

आली. आली बगा. सरका जरा, मला तिच्या डाव्या बाजूला जाऊ द्या, ह्या बाजूनं दिसत न्हाई तिला. — रोहिणी. इकडं बग माय, मी हाय. बस. बस ना, दमलीस का? पाणी आणू का? काय इचारलं साहेबानं? आत काय व्हतं म्हणून इचारलं असंल. इचारणारच ते. मंग? जसं ठरलं तसं सांगितलंस ना? …काय? मोठ्यानं बोल, हितं कोणी परकं न्हाई. काय सांगितलंस?

बंदूक?

बंदूक व्हती म्हणून सांगितलंस? …अन् कोणी भरली ते? …ते बी?

खाली बस रोहिणी. कुठं निघालीस? ऑटो मी सांगतो, थांब. येकटी कशी जाशील, रस्ता कसा दिसंल तुला — अगं, रोहिणी —

तुमी काय बगायलाव? झालं ना ऐकून? उठा. दुसऱ्या बाकड्यावर बसा जाऊन. फिजूल माणसाच्या घरातल्या गोष्टी इचारीत बसतेत.

व्हय जमादारसाहेब. मीच दिनकरराव. आलो.