डावखुरा दस्ता

ओहायोतल्या जुन्या रायफलींच्या प्रदर्शनात मर्ल पारख्याच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक भाऊ आणि बहीण रायफल घेऊन उभे होते.

“आमच्या वडिलांनी या रायफलीचा लाकडी दस्ता स्वतः घडवला. खास माझ्यासाठी, नेमबाजीच्या स्पर्धेला,” भाऊ पारख्याला सांगत होता.

“अक्रोडाचा ना? सुरेख! जरा गालाला लावा बरं.”

“आता या वयात?”

“लावा हो, नवरदेवासारखे लाजू नका.”

“हं, लावली.”

“गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला आहे, राव. तुम्ही उजव्या खांद्याला लावलीत, तुमचा गाल पडतो दस्त्याच्या डावीकडे. ही डावखुऱ्याची रायफल.”

“म्हाताऱ्याची चूक झाली असेल.”

“हातानं दस्ता घडवणारा गाल चुकत नाही. ताई, तुम्ही लावून बघता?”

“नको. इतकी वर्षं त्याचीच म्हणतात सगळे.”

बहिणीने डावा हात खिशात घातला. मर्ल आपल्या बुटांकडे बघू लागला.

“घे गं, डोरीन,” भाऊ पुटपुटला. मान मात्र त्याने वर केली नाही.