सगळ्यात खालचा पर्याय

(ओहायो. कॉलेजचं आर्थिक मदतीचं ऑफिस, दुपार. टेबलापलीकडे मिसेस क्रेब्ज, समोर कॉम्प्युटरवर मदतीचा अर्ज उघडलेला. अलीकडे स्कूलबस दुरुस्त करणारा वेस्ली आणि त्याची मुलगी ब्रिन.)

वेस्ली : मी खोटं काही लिहिलेलं नाही.

मिसेस क्रेब्ज : खोटं कुठे म्हणतेय? चुकलंय म्हणतेय. तुम्ही इथे 'विवाहित' निवडलंय.

वेस्ली : मग? बावीस वर्षं संसार केला. घटस्फोट नाही, काही नाही. विचारलं, मी सांगितलं.

ब्रिन : बाबा! तू असं भरलंस? मला दाखवायचं तरी.

वेस्ली : पालकाचा भाग पालकानंच भरायचा, तूच म्हणालीस.

मिसेस क्रेब्ज : त्यामुळे दोघांची कमाई धरली गेली. टॅक्स रिटर्न एकत्र होतं ना? तुमचे अडतीस हजार डॉलर, बाईंचे सेहेचाळीस. एवढ्या कमाईवर ही मदत मिळत नाही.

वेस्ली : लोर्ना फेब्रुवारीत गेली, बाई. कुठली कमाई?

मिसेस क्रेब्ज : अर्ज दोन वर्षांपूर्वीची विचारतो. सगळ्यांनाच.

वेस्ली : दोन वर्षांपूर्वी ती वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत डबल शिफ्ट करत होती. कोणासाठी? हिच्या कॉलेजसाठी. ते सगळे पैसे हॉस्पिटलनं खाल्ले. आणि आता तोच पगार दाखवून तुम्ही पोरीला नाही म्हणताय! किळस येते मला.

मिसेस क्रेब्ज : मला अकरा वर्षं येतेय. ऐका, तुम्ही 'विधुर' केलंत की त्यांची कमाई वजा होईल आणि ब्रिनला पूर्ण मदत बसेल. मृत्यूचा दाखला आणि दोघांचे पगाराचे कागद लागतील. उद्या पाचला मुदत संपते.

वेस्ली : वजा. असं पटकन म्हणता तुम्ही.

ब्रिन : कागद आणलेत मी.

वेस्ली : कुठून आणलेस?

ब्रिन : आईच्या खणातून. मोज्यांखाली होते.

वेस्ली : तो खण मी अजून उघडलेला नाही.

ब्रिन : माहितीये. म्हणूनच मी उघडला.

मिसेस क्रेब्ज : अजून एक प्रश्न आहे. नियमानं विचारावा लागतो, माफ करा. उत्पन्नातली ही घट तात्पुरती आहे की कायमची?

वेस्ली : काय म्हणालात?

मिसेस क्रेब्ज : छापलंय तसं वाचलं.

वेस्ली : ज्यानं छापलं त्याला बोलवा इकडे. बसच्या चाकाखाली घालतो.

ब्रिन : बाबा, हळू.

वेस्ली : का हळू? बायको कधी परत येणार ते विचारतायत मला!

मिसेस क्रेब्ज : मी 'कायमची' लिहिते. तुम्ही उत्तर देऊ नका, मान पण हलवू नका.

ब्रिन : जाऊ दे, बाबा. नर्सिंगची जागा सोडते मी. तुझ्या गॅरेजमध्ये लागते कामाला.

वेस्ली : साधा पाना धरता येत नाही तुला.

ब्रिन : शिकीन.

वेस्ली : तोंड बंद कर. तुझ्या आईनं लोकांच्या घाणीच्या चादरी यासाठी धुतल्या का?

ब्रिन : मग बदल ना ते!

वेस्ली : बाई, तुम्हीच करा. मी तिकडे बघतो.

मिसेस क्रेब्ज : मला परवानगी नाही. तुमच्याच हातानं व्हायला हवं.

वेस्ली : सरका. कुठेय ते?

ब्रिन : सगळ्यात खाली.

वेस्ली : 'घटस्फोटित'च्याही खाली.

ब्रिन : हो. तेच. आता हे दाब. आता नाव टाक, म्हणजे सही झाली.

वेस्ली : टाकलं. संपलं?

ब्रिन : थांब, काहीतरी आलंय. 'अभिनंदन! तुमचा अर्ज...'

वेस्ली : मोठ्यानं वाचू नकोस.