एक्स-रे खोलीतली वायर

—निष्काळजीपणा? कुणाचा निष्काळजीपणा? बसा साहेब त्या स्टुलावर, चौकशीला आलायत ना, मग नीट ऐकून घ्या. हे एक्स-रे मशिन चौदा वर्षं मी चालवतोय, अन् याच्या कॉम्प्युटरची सिस्टिम इतकी जुनी, की कंपनीनं तिचे अपडेट पाच वर्षांपूर्वीच बंद केले. म्हणजे काय? म्हणजे व्हायरस शिरायला नवीन भोकं सापडत राहणार, बुजवायला कोणी येणार नाही! नवी सिस्टिम टाका म्हणाल — टाकून पाहिली, मशिनच ओळखेना. नवं मशिन मागितलं, तीन अर्ज दिले, व्यवस्थापकांनी तिन्ही दाबून ठेवले. मग केलं कुणी? मी! नेटची वायर काढली, पेनड्राइव्ह खुपसायची तोंडं चिकटपट्टीनं बंद केली, फोटो न्यायचा तर कोऱ्या सीडीवर. सगळे हसले मला. डॉक्टरीणबाई चिडायच्या — दोन जिने सीडी घेऊन चढणार कोण? मी चढलो! हे गुडघे घेऊन, पाच वर्षं! एक व्हायरस शिरू दिला नाही.

आणि सोमवारी, मी रजेवर असताना, बदलीच्या माणसानं कॉम्प्युटर लावला तर अकरा हजार फोटो व्हायरसनं कुलूपबंद केलेले, एकही उघडेना. एक शाळेतल्या बाई आहेत, छातीत गाठ — वाढलीय की तेवढीच आहे, ते गेल्या वर्षीच्या फोटोवरून कळणार होतं. परवा इथंच बसून रडल्या. अर्ज दाबणाऱ्याला विचारलंत का काही? त्याला कसं विचाराल!

वायर? हो, लावलेली सापडली, ठाऊक आहे. कुणीही लावेल, खोली काय — हो, बंद असते, शुक्रवारी किल्ली माझ्याकडेच होती, म्हणून काय मीच — दहा मिनिटं हो! आई वर वॉर्डात धापा टाकत होती, थोरला भाऊ परदेशात, डॉक्टर, फोनवर ओरडतोय — फोटो पाठव, आत्ता पाठव! सीडी घेऊन कुठं पळू मी? लावली वायर. फोटो गेला, तेवढ्यात वरून हाक आली, धावलो... तासाभरात आई गेली. मग कसली वायर काढणं अन् कसलं काय.

काय लिहिताय? हे सांगायचं नव्हतं मला. खोडा. खोडा म्हणतो ना! — नाही? बरं, राहू द्या. पण त्या शाळेतल्या बाईंना मी स्वतः सांगणार, तुमचा कागद पोचायच्या आत. उठा आता. उठा!