आरंभशूर बाईच्या मागची गाडी

नवरा : हे बघ, मी जबरदस्ती करत नाहीये. मागचं दार उघडं आहे, गाडीत गारवा आहे, एवढंच सांगतोय.

बायको : हेच बाराव्या किलोमीटरला सांगितलंत. चौदाव्याला सांगितलंत. आता सतराव्याचा बोर्ड गेला.

नवरा : कर्तव्य आहे ते माझं. बिल्ला बघ छातीवर, ‘मागची गाडी’. ज्याच्याच्याने पळवत नाही त्याला उचलायचं आणि मैदानावर नेऊन सोडायचं. नवरा म्हणून नाही बोलत मी, अधिकारी म्हणून बोलतोय.

बायको : मग अधिकाऱ्यांनी हॉर्न वाजवू नये. कुत्री मागे लागतात माझ्या.

नवरा : लागू देत की. तेवढाच वेग येईल. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी क्लचवर याहून जोरात जातात.

बायको : आणि पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्लासला जातात, तेही सांगा.

डॉक्टर : वहिनी, तुम्ही लक्ष देऊ नका. पळा तुम्ही. मी आहे तुमच्या बाजूने.

बायको : डॉक्टर, तुम्ही माझ्या बाजूने नाही, गाडीत आहात. आडवे पडून.

डॉक्टर : पोटरी धरली हो माझी. अकराव्या किलोमीटरला नुसता दगड झाला पायाचा. काय सांगू, गावात पहिली अर्धी मॅरेथॉन काढली मी, सगळ्यांच्या बनियनच्या पाठीवर माझ्या दवाखान्याचं नाव, आणि मीच गाडीत.

नवरा : बरं झालं ना. दुसऱ्यांचे दात काढत होतात, आज लोकांनी तुम्हाला दात काढून दाखवले.

बायको : किती वाजले?

नवरा : आठ पस्तीस. सहाला सुटलात, सव्वानऊला मैदानावरची शेवटची रेघ बंद. उरली चाळीस मिनिटं आणि चार किलोमीटरवर थोडं. तुझ्या पुढे एकशे बत्तीस माणसं गेली. मागे कोण, तर मी आणि एक दातांचे डॉक्टर. म्हणजे शेवटून पहिला नंबर तुझा पक्का आहे. आता कशाला जीव काढतेस?

बायको : पोचायचंय म्हणून.

नवरा : गाडीतूनही पोचतेस.

बायको : पायांनी पोचायचंय.

नवरा : डॉक्टर, तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरातला इतिहास. ही बाई आरंभशूर. घरात एक स्वेटर आहे, त्याला एकच बाही. गाण्याचा क्लास लावला, तीन महिन्यांत सा आणि रे झाले, ग काही आला नाही. नोकरी ग्रंथालयात, पण आजवर एक रहस्यकथा शेवटपर्यंत वाचलेली नाही. खून कुणी केला हे हिला बावीस वर्षांत एकदाही कळलेलं नाही.

डॉक्टर : एकदाही नाही?

नवरा : एकदाही नाही. म्हणून ही शर्यत ऐकली तेव्हाच मी म्हटलं, नावातच ‘अर्धी’ आहे, तुझ्यासाठीच काढलीय.

बायको : झालं सांगून?

नवरा : अजून बागेतले अर्धे कुदळलेले वाफे राहिले आहेत.

बायको : मग मी सांगते पुढचं. डॉक्टर, ऐका. मला दम लागलाय, तुटक बोलेन. पण त्या स्वेटरचं. दुसरी बाही विणायला घेतली आणि यांच्या आईंचं खुब्याचं हाड मोडलं. नऊ महिने उशाशी मी. सुया कुठे गेल्या, देव जाणे.

नवरा : आईचं काय काढतेस आता?

बायको : गाण्याचा क्लास संध्याकाळी सहाला. बरोब्बर पावणेसहाला यांची गाडीची किल्ली हरवायची. रोज. माझी पर्स खांद्याला आणि हे दारात, “अगं, किल्ली बघ ना.” किल्ली कुठे? यांच्या खिशात.

डॉक्टर : मास्तर, हे काही बरं नाही.

बायको : पुस्तकांचं ऐका. दीडशेव्या पानावर आले, आता उलगडणार, की आतून हाक. “अगं, चष्मा कुठाय माझा?” चष्मा डोक्यावर. ग्रंथपालाची वरची परीक्षा दिली मी. तीन पेपर. दोन झकास गेले. तिसऱ्याच्या सकाळी यांना ताप.

नवरा : ताप होता मला. खोटं बोलू नकोस.

बायको : नव्याण्णव होता. नव्याण्णवाला लोक ताप म्हणत नाहीत, अंग गरम म्हणतात. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आज माझी साहेब आहे.

नवरा : तू कधी म्हणालीस का, की मी जातेच पेपरला?

बायको : म्हणायला लागतं का हो?

नवरा : ...लिंबूपाणी हवंय? बाटली देतो खिडकीतून.

बायको : द्या.

नवरा : घोट घोट घे. आणि खांदे सैल सोड, ओझं वाहतेयस का डोक्यावर? पाऊल लहान टाक. चढ आहे पुढे पुलापाशी.

बायको : बसून शिकवायला काय जातंय. उंटावरून शेळ्या हाका तुम्ही.

नवरा : शेळी एकच आहे म्हणून तर हाकतोय.

डॉक्टर : मला विचाराल तर वहिनींचा दम कमाल आहे. पन्नाशीला आल्या ना?

नवरा : एक्कावन्न. त्यातही एक वर्ष जास्तच करून ठेवलंय.

बायको : यांच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, माहीत आहे का डॉक्टर? एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक यांच्या. शिकणारी जरा कुठे हात बसून पुढे निघाली की यांचा पाय पडलाच. बावीस वर्षं मी त्याच गाडीत आहे. आज पहिल्यांदा खाली उतरून चाललेय, तर गाडी मागे.

नवरा : छान बोलतेस. दम लागलाय म्हणालीस ना मघाशी?

बायको : लागलाय. पण एक बरं आहे. हे अंतर म्हणजे अंतर. इथे हाक मारून कुणाला ते कमी करता येत नाही. एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर, तेवढं पायाखालून गेलं की गेलं. त्याला अर्धवट म्हणायची कुणाची टाप नाही. तुमची तर नाहीच.

नवरा : पूल आला. चढाकडे बघ.

बायको : गप्प का झालात?

नवरा : मी कुठे गप्प? गाडी दुसऱ्या गिअरवर घेतोय.

डॉक्टर : अहो मास्तर, एक गंमत बघा. हा विसाव्याचा बोर्ड गेला ना आत्ता? माझं हे घड्याळ आहे ना, ते गाडीत बसलो तरी अंतर मोजतंच राहिलंय. आणि ते दाखवतंय एकोणीस पॉइंट एक.

नवरा : झाडांमुळे होतं तसं.

डॉक्टर : झाडं कुठायत? पूल आहे हा.

नवरा : मग पुलामुळे. लोखंड असतं पुलात.

बायको : अहो.

नवरा : तू पुढे बघून पळ.

बायको : तुमच्या गाडीचा मीटर काय म्हणतो? सकाळी सुटताना शून्यावर आणला होतात तुम्ही, मी बघितलंय.

नवरा : मीटर जुना आहे.

बायको : त्याच मीटरने मार्ग मोजलात ना पण? वर्तमानपत्रात आलं होतं, ‘ड्रायव्हिंगच्या मास्तरांनी इंच न इंच मोजला’. काय म्हणतो तो?

नवरा : ...एकोणीस. आणि वर पॉइंट एक.

डॉक्टर : हे काय? म्हणजे माझं घड्याळ बरोबर?

बायको : मोजलंत तो रविवार होता. सकाळी सातला निघालात. आणि पंधरा मिनिटांत परत आला होतात.

नवरा : कोण, मी?

बायको : कालव्यापर्यंत गेलात आणि तुमच्या डोक्यात आलं, दाराला कुलूप लावलं का. आलात, दार दोनदा ओढून बघितलंत. मी आतच होते हो. कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता. मी आतून विचारलं, कोण आहे? तर म्हणालात, “काही नाही, कुलूप बघतोय.”

डॉक्टर : आतून कडी असताना?

बायको : त्यांना सवय आहे. लग्नाच्या दिवशीही अर्ध्या वाटेतून परत गेले होते.

नवरा : मग गेलो. दार बघितलं, आणि परत कालव्यापाशी येऊन पुढे मोजायला लागलो. मीटर थांबतो थोडाच मध्ये? जाऊन-येऊन नऊशे मीटर. ते मार्गातच धरले गेले. वजा करायचे राहिले माझे.

बायको : म्हणजे शर्यत नऊशे मीटर कमी आहे.

नवरा : अं.

बायको : कधी कळलं तुम्हाला?

नवरा : पाचव्या बोर्डापाशी. मीटर चार पॉइंट एक म्हणत होता.

बायको : पाचव्याला कळलं आणि विसाव्यापर्यंत मला मागचं दार उघडं आहे म्हणून सांगत आलात.

नवरा : तू बसली असतीस तर तुला कळलंच नसतं.

बायको : कळलं नसतं. नुसती अर्धवट राहिले असते. आता पळून राहीन. काय सोय केलीत हो माझी. बसले तरी अर्धी, पोचले तरी अर्धी.

नवरा : मुद्दाम नाही केलं मी.

बायको : कधीच काही मुद्दाम करत नाही तुम्ही. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. चार महिने पहाटे पाचला उठलेय मी. तुमचा डबा करून, तुमचा चष्मा उशाशी ठेवून, किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवून मग पळायला गेलेय, मागून हाक येऊ नये म्हणून. मला एक गोष्ट पुरी करायची होती. एकच. गावाला नाही दाखवायची मला, तुम्हाला दाखवायची होती.

नवरा : अगं रडू नकोस, श्वास तुटेल.

बायको : घाम आहे तो.

डॉक्टर : वहिनी, मास्तर, दोघंही ऐका. हे आपल्या तिघांतच राहू दे. एकशे बत्तीस लोकांच्या गळ्यात पदकं पडलीत. त्यांना आता काय सांगायचं, की तुम्ही पळालात ते पुरं अंतर नव्हतंच? आणि दहा वाजता समारंभ आहे. मास्तरांना ढाल आहे, ‘अचूक मोजणीबद्दल’. कोरूनसुद्धा झालंय हो.

नवरा : ढालीचं मला सांगितलं नव्हतंत.

डॉक्टर : अचानक द्यायची होती.

बायको : घ्या ढाल. मी कुणापाशी बोलणार नाही. मला फक्त एक सांगा डॉक्टर, मैदानाला आतून एक फेरी मारली तर किती होते?

डॉक्टर : साडेचारशे मीटर. शाळेने आखलेली आहे ती.

बायको : यांनी नाही ना मोजलेली?

डॉक्टर : नाही, नाही.

बायको : मग बरोबर असेल. दोन फेऱ्या.

नवरा : अगं, सव्वानऊच्या आत रेघ गाठशील कशीबशी. वरून दोन फेऱ्या म्हणजे आणखी नऊ-दहा मिनिटं. टाचेला फोड आलेत तुझ्या, मोज्याला रक्त दिसतंय मला इथून. पदक मिळतंय तेवढं घे आणि बस की.

बायको : पदकाचं काय ते तुम्ही दोघं ठरवा. गाडी जरा मागे ठेवा, धूर येतोय तोंडावर.

(मैदान. फलकावरच्या घड्याळात तीन तास बारा मिनिटं. उरलेसुरले लोक टाळ्या वाजवतात. ती रेघ ओलांडते, कुणीतरी गळ्यात पदक घालतं. ती न थांबता डावीकडे वळून फेरीला लागते. गाडी रेघेपाशी उभी.)

डॉक्टर : झालं बाई एकदाचं. तीन मिनिटं राखून आल्या. मानलं. अहो मास्तर, पण त्या थांबत का नाहीयेत? लोकांना वाटेल डोक्यावर परिणाम झाला.

नवरा : दोन फेऱ्या आहेत तिच्या.

डॉक्टर : मला वाटलं चिडून बोलल्या असतील. आता सगळे बघताहेत तिकडे. तो निवेदक येतोय विचारायला. काय सांगू त्याला?

नवरा : माईक आणायला सांगा त्याला इकडे. मी सांगतो, की मार्ग मोजताना मी चुकलो. नऊशे मीटर कमी पडलेत, सगळ्यांचेच. एवढ्या लोकांत एकच बाई ते भरून काढतेय.

डॉक्टर : अहो, वेड लागलंय का तुम्हाला? वहिनी बोलणार नाहीत म्हणाल्यात ना? लोक ड्रायव्हिंग क्लासची पाटी काढून नेतील तुमची.

नवरा : नेऊ देत. ढालीचं बघा काय करायचं ते. दुसरं काही कोरता आलं तर कोरा.

डॉक्टर : हे बघा, माईक राहू द्या. दुसरी फेरी लागली त्यांची, आणि पाय ओढताहेत त्या. पडतील. माझं कुणी ऐकणार नाही, पण तुमचं ऐकतील. एक हाक मारा, मास्तर. थांबवा त्यांना.

नवरा : आजवर तेच केलं, डॉक्टर.