कोऱ्या तोंडाची बाहुली

ऐका आता. आणि कुणीतरी शेकोटीत लाकूड सारा पुढं.

आमच्या शेजारचा हिंदुराव पेंटर तुम्हाला ठाऊक आहेच. दोन दुकानांच्या पाट्या आणि एक मारुती रंगवला, तेवढ्यावर छाती पुढं काढून गावभर फिरणारा. मारुतीचा एक डोळा देवळाच्या दाराकडं, दुसरा पिंपळाकडं. पण सांगणार कोण?

त्याची पोर शेवंती पंधरा दिवस तापानं पडलेली. ताप उतरला, पण घास गिळेना. एकच धोशा, ठकूआजीची बाहुली पाहिजे. ठकूआजी राहते वर, डोंगरावरच्या वाडीत. जुन्या लुगड्याची बाहुली शिवते, पोटात सावरीचा कापूस भरते. डोळे तेवढे करत नाही. ते पोरीच्या आईनं घरी भरायचे, काळ्या दोऱ्यानं, पोरीला मांडीवर घेऊन. म्हणजे बाहुली पहिलं त्या पोरीलाच बघते, आणि तिचीच होते.

तर हिंदुराव वाडीत गेला आणि दिवस मावळल्यावर बाहुली घेऊन परत निघाला. म्हातारी म्हणाली, "बाबा, रात्र इथंच काढ. निघालासच तर हिच्या तोंडाला हात लावू नकोस. खिंडीत एक असते, तिला कुणाच्या तरी डोळ्यांतून बघायचं असतं."

"आजी, मी पेंटर आहे," हा म्हणाला. जसा काही तहसीलदार.

खिंडीत झऱ्यावर पाणी प्यायला टेकला. लख्ख चांदणं. बाहुलीचं कोरं तोंड बघून याचे हात शिवशिवले. चिंध्या शिवणाऱ्या बाईला डोळे जमत नसतील, म्हणून ठेवते कोरं, हे याचं शहाणपण. पिशवीत रंगाची डबी होती, ब्रश होता. रंगवले दोन डोळे. फुंकर मारली, बाहुली पिशवीत टाकली, चालू लागला.

दहा पावलं गेला नाही, तो पिशवीतून बाईचा आवाज. "डावा वाकडा आलाय."

यानं पिशवीचं तोंड आवळलं. चालतोय. पिशवी जड झाली. मग आणखी जड. मग खांदा उतरायला आला. "मारुतीचाही वाकडाच. बघ, नीट कर."

बसला, नीट केला. "आता उजवा वाकडा." उजवा केला. उठला, वळण घेतलं, तर समोर तोच झरा. पुन्हा चालला. पुन्हा झरा. आणि आता दगडावर एक बाई पाठमोरी. वळली. तोंड कोरं, पुसलेल्या पाटीसारखं.

"तुला जमत नाही," ती म्हणाली. "राहू दे. तुझेच दे."

गार बोटं याच्या पापणीला लागली.

जन्मात पहिल्यांदा हिंदुराव खरं बोलला. "बाई, मला डोळे रंगवता येत नाहीत. कधीच आले नाहीत." आणि बोलता बोलता ब्रश पुसायची घासलेटाची चिंधी ओढली, बाहुलीचं तोंड खसाखसा घासलं. रंग गेला. तशी बाई चाचपडायला लागली. हा समोरच, पण तिला दिसेना. श्वास धरून तिच्या काखेखालून सटकला, तो थेट घराच्या उंबऱ्यावर येऊन पडला.

सकाळी वत्सलानं, त्याच्या बायकोनं, पोरीला मांडीवर घेऊन दोऱ्यानं डोळे भरले. शेवंतीनं आपणहून पेज मागितली, वाटीभर प्यायली. आमची भिंत एकच, सगळं ऐकू येतं. मग बाहुली इकडंतिकडं फिरवत पोर म्हणाली, "आई, ही सगळ्यांकडं बघते. बाबांकडंच बघत नाही."

"पारख आहे तिला," वत्सला म्हणाली.

हसू नका. रात्री खिंडीची वाट धरायची नाही. आणि स्वतःला कलाकार समजणाऱ्यानं तर दिवसासुद्धा नाही.