जमुनाच्या झाडाले पाणी

— अन् त्या एका झाडाकडं असं टकमक नका पाहू, आजी! रिद्धपूरले चालल्या ना दर्शनाले? मंग सावलीत बसा, घोटभर पाणी प्या, अन् मुकाट्यानं रस्ता धरा. काय म्हणता? सारा बगीचा सुकला, मंग हे एकच संत्र्याचं झाड हिरवंगार काहून? — घ्या! तुमालेबी दिसलंच का?

सांगतो, पण कोणापाशी बोलू नका. बाकीची झाडं वाळली नाई, त्याईले ताण देल्ला हाये. म्हणजे उन्हाळ्यात पाणी बंद — झाड मरते का काय असं वाटते — अन् मृगात पाणी भेटलं का अंगभर फुलते. पाणी पेलेलं झाड फुलत नाई, नुसती पानंच काढते. आमा माळ्याच्या पोरीईले हे पाळण्यातच शिकवते. मंग ह्या एकाले मी काहून पाणी टाकलं? — तेच त सांगून राहिली ना!

हे झाड माह्यं. मी झाली त्या साली बाबानं लावलं. यंदा मी चवथी पास झाली — परीक्षा घ्याले आलेल्या डिप्टीसायबानं पाठ थोपटली माही! — त मामा म्हणे, अमरावतीले धाडा, मुलीईच्या शाळेत टाकतो. बाबा म्हणे, "जमुनाच्या झाडाले विचारू. मृगाले फुललं त पोरगी जाईन, नाई त राईन घरी." असे आमचे बाबा! बैल घ्याचा असला तरी झाडाले विचारते. अन् मले जाचं हाये हो आजी, खूप जाचं हाये! पण वैशाखाच्या उन्हात हे बिचारं मान टाकून उभं — मले पाहवत नाई. म्हटलं, एक घागर म्हणजे काय पाणी झालं? रोज सकाळी एक — एकच! काल शेजारचे महादेवबुवा हासले. म्हणे, "पोरी, तुनं तुह्या हातानंच अमरावती बुडवली." आज थेंब टाकला नाई, देवाशपथ. अजून पंधरा दिवस ताण बसला त फुलन, म्हणते ते.

आईले? आईले कायले सांगू? तिले काय त्याचं! ती त म्हणते, जाय बाई एकदाची, ब्याद टळन. अमरावतीचं नाव काढलं का भांडे आपटते. मी गेली का नाचन ती, पाहा तुमी.

आं? एका घागरीनं झाड एवढं हिरवं राहत नाई म्हणता? राहते ना — काय? आळं ओलं हाये? नाई हो, आज मी — थांबा. अव माय! खरंच ओलं. हे त आताचंच. बाबा अकोल्याले गेले. मंग कोण — अन् हे पाऊल पाहा चिखलात, करंगळी बाहेर पडलेली. असं पाऊल साऱ्या गावात एकीचंच हाये.

आईचं.

पण तिले त ठावं हाये ना, पेलेलं झाड फुलत नाई! तीबी माळ्याचीच लेक. मंग काहून...

खोटारडी! ब्याद टळन म्हणते! अन् मले वाटे, मी नकोशी झाली तिले. हासू येऊन राहिलं का रडू, कायबी समजत नाई, आजी.

उठा, निघा आता. दंडवत. ती पाहा, येऊन राहिली — डोक्यावर घागर — मले पाहून थबकली. जा ना तुमी! — माय! अव माय, झाडाले नको टाकू. इकडं आण. मले पाज. सारी पाज, मले लय तहान लागली.